लिंडबर्टचं ताट

"गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, झाकून ठेवलेलं ताट दिसेल, त्याला हात लावू नकोस," मर्सेलिन मावशी म्हणाली होती. "कितीही भूक लागली तरी. अंगावर पाजणारीला रात्री कशी भूक लागते ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगते."

मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून उकडलेली अंडी कागदात गुंडाळत होते. मिठाची वेगळी पुडी बांधली आणि हसले. "मावशी, अळणी भात कोण चोरून खाईल गं?"

"हस, हस. कॉलेजात गेलेल्यांना भूक लागत नसेल बहुतेक."

एवढंच बोलणं झालं. धक्क्यावर पोचेपर्यंत मी ते विसरलेही होते. माझ्या डोक्यात दुसऱ्याच काळज्या होत्या, आणि मला काळज्यांची कधी वाण पडत नाही. जेनिव्ह तेव्हा सात महिन्यांची होती. झोपेत तिचे श्वास मोजायची मला सवय लागली होती. मिनिटाला तीस आले की मी निजायची, पस्तीस आले की बसून राहायची.

त्या शुक्रवारी किंग्जटाऊनहून सुटणाऱ्या फेरीबोटीचं इंजिन बिघडलं होतं. आणि शनिवारी कॅरियाकूला, आमच्या मूळ बेटावर, बाबांच्या थडग्यावर दगड बसणार होता. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. दगड घडून आला होता, ढोलवाल्यांना सांगून झालं होतं, कोंबड्या कापायच्या राहिल्या होत्या. थोरल्या लेकराचा हात लागल्याशिवाय आमच्याकडे दगड उभा करत नाहीत, आणि थोरली मी. नवरा, कर्विन, प्रवासी जहाजावर नोकरीला. तो तेव्हा कुठल्या तरी दूरच्या बंदरात होता. म्हणून मी बाबांच्या काकांना, ओस्मंड आजोबांना विचारलं. ते दर पंधरवड्याला त्यांचं जुनं गलबत घेऊन किंग्जटाऊन ते कॅरियाकू करतात. एकच डोलकाठी, 'एव्हलिना' नाव, कॅरियाकूतल्या विंडवर्ड गावाच्या किनाऱ्यावर त्यांच्या वडिलांनी स्वतः बांधलेलं.

"ये की," ते फोनवर म्हणाले. "रात्रभराचं तर काम. सकाळी कोको चहा प्यायला घरी."

सूर्य मावळता मावळता आम्ही नांगर उचलला. गलबतावर आम्ही चौघंच होतो. सुकाणूच्या दांड्याशी आजोबा, शिडं आणि पंप बघायला हडली, मी आणि माझ्या पोटाशी जेनिव्ह. हडली पन्नाशीचा, समोरचे दोन दात पडलेला. तोंड अखंड चालू.

"बाळ ओकणार असेल तर वाऱ्याच्या बाजूला तोंड नको," तो मला म्हणाला. "मागच्या वेळी एका पाद्रीबुवांनी तेच केलं. सगळा आशीर्वाद माझ्या अंगावर."

आजोबा हसले. ते हसताना माझ्याकडे पाहत नव्हते, हे माझ्या पहिल्यांदा तेव्हा लक्षात आलं. जेनिव्हनं हात पुढे केला, मनगटातले काळे-पांढरे मणी त्यांच्या नाकासमोर हलवले. कोणीही म्हातारा माणूस ते बोट धरेल, निदान चेहरा मागे घेईल. आजोबांची पापणीही हलली नाही. मग त्यांनी कपात चहा ओतला, आणि कप भरला का हे पाहायला आत बोट घातलं.

मी खिशातली विजेरी काढली, काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि प्रकाश सरळ त्यांच्या डोळ्यांत मारला. ते समुद्राकडे तोंड करून शांत बसले होते.

मी हडलीला डोलकाठीच्या पलीकडे गाठलं. "आजोबांना दिसत नाही."

"दिसतं की. दिवस आहे का रात्र आहे, एवढं दिसतं."

"हडलीदादा, मस्करी नको. माझं लेकरू आहे या गलबतावर!"

"तीन वर्षं झाली त्यांचे डोळे जाऊन," तो दोर गुंडाळत म्हणाला. "तीन वर्षांत कुठं घासलं सुद्धा नाही. डोळस कप्तान घासतात रोज."

"मग पुढे बघतं कोण? तू?"

हडलीनं गलबताच्या पोटातून एक पत्र्याचं ताट वर आणलं. ओल्या तुरीचे दाणे घातलेला भात, मक्याच्या पिठाचा कूकू, कोंबडीची तंगडी. पांढऱ्या फडक्यानं झाकून ते त्यानं नाळेजवळच्या फळीवर, दोराच्या वेटोळ्यात बसवलं, म्हणजे घसरू नये. वर रमचे चार थेंब शिंपडले.

"तो बघतो," हडली म्हणाला. "ज्याचं ताट आहे तो."

लिंडबर्टची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे कोणी ती पूर्ण सांगत नाही. हडलीनं सांगितली. ओस्मंड आजोबांचा धाकटा भाऊ. दोघं बरोबरच हे गलबत चालवायचे. एक सुकाणूवर, दुसरा नाळेवर उभा राहून खडक कुठे, लाट कुठे, ते ओरडून सांगायचा. तीस वर्षांपूर्वी एका रात्री लिंडबर्ट पुढे ओरडत होता, आणि मग ओरडत नव्हता. बास. सकाळपर्यंत शोधलं.

"त्यानंतर आजोबांनी नाळेवर दुसरं माणूस उभं केलं नाही," हडली म्हणाला. "गरजच पडली नाही. ताट ठेवलं की झालं. गेलेल्यांना मीठ चालत नाही, तेवढं सांभाळायचं."

मी जीवशास्त्रात पदवी घेतली आहे. औषधांच्या दुकानात काम करते. मनातल्या मनात मी ठरवलं की म्हाताऱ्याला लाटांच्या आवाजावरून वाट कळत असणार, आंधळ्यांचे कान तयार होतात. तसं ठरवल्यावरही मी सुकाणूपाशी जाऊन बसले आणि त्यांच्यावर नजर ठेवली. बेक्विया बेटाचे दिवे डावीकडून मागे गेले. मग काळोख. आजोबा मान किंचित पुढे झुकवून बसले होते. मधूनच दांडा बोटभर सरकवायचे आणि हळू म्हणायचे, "हं. कळलं." कधी, "अरे, एकदाच सांग, बहिरा नाही मी." एकदा तर हसले.

मला काही ऐकू येत नव्हतं. नाळेखाली पाणी फुटायचं तेवढंच. फक्त दोनदा असं वाटलं की तिकडे कोणीतरी घसा खाकरला.

अंडी मी केव्हाच खाल्ली होती. मावशीनं दिलेले बेक, तळलेले पाव, एका लाटेनं भिजवले, त्यांचा लगदा झाला. मध्यरात्रीच्या सुमारास जेनिव्ह उठली, प्यायली, पुन्हा मागितलं, पुन्हा प्यायली. खालच्या खोलीत डिझेलचा वास, तिथे ती झोपेना. म्हणून तिला कापडानं छातीशी बांधून मी डोलकाठीच्या आडोशाला पुढे येऊन बसले. हडली खाली पंप मारत होता. आणि मला भूक लागली. ज्यांनी पाजलंय त्यांनाच ती कळेल. पोटात नाही लागत ती, हाडांत लागते. मला वाटलं, आता चक्कर येईल, बाळासकट पाण्यात जाईन.

ताट हाताच्या अंतरावर होतं.

मला मावशी आठवली. खरंच आठवली. आणि मी स्वतःला म्हटलं, मेलेल्या माणसाला जेवण आणि जिवंत बाळाच्या आईला चक्कर, हे कुठल्या देवाला आवडेल? फडकं बाजूला केलं. एक घास घेतला. अळणी भात तोंडात मातीसारखा फिरतो. मग मी खिशातून मिठाची पुडी काढली आणि सगळ्या ताटावर शिंपडली.

सगळं खाल्लं. हाडसुद्धा चोखलं. ताट पुसून, फडकं होतं तसं झाकून ठेवलं. इतकी लाज वाटली की मी चक्क इकडेतिकडे पाहिलं.

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येणार नाही. फार नसेल. सुकाणूकडून आजोबांचा आवाज आला.

"लिंडबर्ट?"

मग थोड्या वेळानं, मोठ्यानं, "लिंडबर्ट! झोपलास का रे?"

मग ते उभे राहिले. मी त्यांना तोवर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आंधळा माणूस खोलीत वाट चुकल्यावर जसे हात पुढे करतो तसे त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सुकाणू सुटलं. "हडली! तो बोलत नाहीये! ताट पडलं का? ताट बघ!"

हडली वर आला तेव्हाच मागून पावसाची सर आली. आमच्याकडे अशा सरी दार ढकलल्यासारख्या येतात. गलबत कलंडलं, मोठं शीड फडफडायला लागलं, आणि हडली त्याच्याशी झोंबत ओरडला, "आयोनी, पुढे बघ! मायरो बेटाचे खडक इथंच कुठंतरी आहेत! बघ आणि सांग!"

मी पुढे गेले. दुसरं कोण जाणार होतं? बाळ छातीशी, एक हात नाळेच्या दोरात अडकवलेला. काही दिसत नव्हतं. पाऊस, काळोख, बाळाचं ओलं डोकं माझ्या हनुवटीखाली. मी फक्त तोंड उघडलं, रडण्यासाठी उघडलं असेल कदाचित, आणि माझ्या तोंडून आलं:

"वाऱ्याखाली सोड! सोड, सोड! धाकटी पुढे आहे, थोरली तिच्या पाठीशी! आता धर!"

मागे आजोबांनी दांडा धरला, सुकाणू करकरलं. आमच्या डावीकडून, वल्ह्याच्या अंतरावरून, पाण्यातून एक काळी पाठ गेली, तिच्यामागे दुसरी, जास्त रुंद. फेस त्यांच्यावरून ओघळत होता. त्या खडकांना धाकटी-थोरली म्हणतात हे मी कधीच ऐकलं नव्हतं. त्या रात्रीपूर्वी मी गलबतावर पुढे कधी उभीच राहिले नव्हते.

सर निघून गेली. हडली धापा टाकत माझ्याजवळ आला. "बस आता तू. मी बघतो." तो ओरडला, "आजोबा, उजवीकडे घ्या थोडं!" दांडा हलला नाही. तो पुन्हा ओरडला. आजोबा मान झुकवून वाट पाहत होते.

"कोणीच का बोलत नाही?" ते म्हणाले.

मग मी बोलले. मी बोलले की ते लगेच ऐकायचे. पहाटेपर्यंत मीच बोलत राहिले. जेनिव्ह एकदाही रडली नाही. पहिल्या उजेडात मी पाहिलं तर तिचे डोळे टक्क उघडे होते, माझ्या तोंडाकडे लागलेले. ओळखीचं माणूस अनोळखी कपड्यात आलं की बाळं बघतात ना, तसे.

कॅरियाकूला, हिल्सबरोच्या धक्क्यावर, आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आवाज चांगला आहे तुझा, पोरी. त्याचा फार चिरका होता." हडलीनं ताटावरचं फडकं उचललं, पुसलेलं ताट पाहिलं, आणि फडकं पुन्हा होतं तसं झाकलं.

बाबांच्या दगडाला मी हात लावला. ढोल वाजले. मला ताप होता.

परतल्यावर मावशीला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, मीठ शब्द येईपर्यंत. मग तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अळणीच खाल्लं असतंस तर तो एक रात्र उपाशी राहिला असता, रुसला असता, संपलं असतं. मीठ घातलंस तेव्हाच ते ताट त्याचं राहिलं नाही. तुझं झालं. आणि ताट ज्याचं, जागा त्याची."

"मावशी, प्लीज."

"मी काय करू? मी सांगितलं होतं."

दोन आठवड्यांनी एका सकाळी मी उठले तर घसा पार बसला होता. केस ओलसर, चिकट. उजव्या तळव्यावर दोराचा वळ. तोंडात मक्याच्या पिठाची अळणी चव, आणि पोट भरलेलं. जेनिव्ह पलंगाच्या अगदी कडेला होती, रडून रडून आवाज गेलेला, गालांवर मीठ वाळलेलं. ती किती वेळ रडत होती? मी, जी तिचे श्वास मोजते, ती का उठले नाही?

मी हडलीला फोन केला. "काल रात्री निघाला होतात?"

"म्हणजे काय," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. "तू काय मस्त सांगत होतीस. कॅनवानपाशी तर..."

मी फोन ठेवला.

पुढच्या खेपेला मी जागी राहायचं ठरवलं. काळी कॉफी, थंड पाण्यात पाय, खुर्चीत ताठ. साडेसहाला त्यांनी नांगर उचलला असणार, कारण साडेसहानंतरचं मला काही आठवत नाही. त्या रात्री मोबाइल उशाशी आवाज टिपायला लावून ठेवला होता. सकाळी ऐकला. बाळाचा श्वास ऐकू येतो, मिनिटाला तीस. मधे ती रडते, दमते, परत श्वास. माझा श्वास कुठेच ऐकू येत नाही.

मग गलबत ज्या रात्री निघायचं त्या रात्री मावशी माझ्याकडे येऊन झोपू लागली. एकदा जेनिव्हला ताप भरला तेव्हा घाबरून तिनं मला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मी जागी झाले. कितीतरी मैलांवर, त्याच मिनिटाला 'एव्हलिना' खडकाला घासली. गलबतावर नौकांच्या शर्यती बघायला निघालेली शाळेची सहा मुलं होती. एकीचा हात मोडला. हडली म्हणाला, "तू मधेच थांबलीस, आयोनी. वाक्य अर्धं ठेवून थांबलीस."

मी कॅरियाकूला जाऊन आजोबांच्या पाया पडले. "गलबत विका. विश्रांती घ्या."

"आणि काय बघत बसू?" ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग गंभीर झाले. "हडलीनं लिंडबर्टसाठी ताट ठेवून पाहिलं, पोरी. चार वेळा. तो आता येत नाही. तीस वर्षं उभा होता तो. बसू दे त्याला. तू तरुण आहेस."

कर्विनला मी हे सगळं लिहिलं. तो म्हणतो, बाळंतपणानंतर काहींना असं होतं, डॉक्टरला दाखव. मी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, झोप पुरेशी घ्या.

गेल्या महिन्यात मावशी पायऱ्यांवरून पडली आणि तिचा मुलगा तिला आपल्या घरी घेऊन गेला, डोंगराच्या पलीकडे. जेनिव्ह आता अकरा महिन्यांची आहे. तिला धरून उभं राहता येतं. पाळण्याच्या कठड्यावरून तिनं परवा एक पाय बाहेर टाकला. खिडकी मी बंद केली आहे, गॅसची नळी काढून ठेवली आहे, टेबलाचे कोपरे फडक्यांनी बांधले आहेत. पण खोली सगळी बांधता येत नाही.

मी हे लिहून आपल्या डोंगरउतारावरच्या प्रत्येक दारात टाकते आहे, कारण येत्या शुक्रवारी आजोबा निघणार आहेत. हडलीनं काल कळवलं. यावेळी गलबतावर चौदा माणसं आहेत, त्यात एक बाई दिवस भरत आलेली. फेरी पुन्हा बंद आहे.

तुम्ही मला वेडी समजलात तरी चालेल. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतर, वरच्या वळणावरच्या निळ्या दाराच्या घरातून बाळाचं रडणं आलं आणि थांबलं नाही, तर वर या. दार नुसतं लोटलेलं असेल. मी खुर्चीत दिसेन. माझ्याकडे बघत बसू नका, नाकाशी हात धरू नका, आणि काहीही झालं तरी मला हलवू नका. दूध फडताळात खालच्या खणात आहे, बाटली उकळून ठेवली आहे. तिला मांडीवर घेतलंत की ती आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. काहीतरी बोला तिच्याशी. आणि जमलंच तर रडण्याची वाट बघू नका. नऊ वाजता एकदा, बारा वाजता एकदा, माझ्या जेनिव्हला तेवढं बघून या.